बिळातला आणि दारातली

आमच्या घरी बंड्या आहे आणि चिमी आहे. बंड्या डॅशहुंड, काळा-तांबूस, वय वर्षं दहा. चिमी पांढरी, केसाळ, वय चार. सगळे तिला पॉमेरेनियन म्हणतात, डॉक्टर म्हणतात स्पिट्झ. आपल्याकडे 'पॉम' म्हणून जी कुत्री घरोघरी असतात ती बहुतेक इंडियन स्पिट्झच. 'हम आपके हैं कौन'मधला (१९९४) टफी आठवतोय ना? तोच गोतावळा. दोघांचं वजन जवळपास सारखं, जेवण एकच, घर एकच. पण पत्रिका जुळवायला नेल्या असत्या तर गुरुजींनी लांबूनच हात जोडले असते.

बेल वाजली की चिमी दारात. लिफ्टचा आवाज आला तरी दारात. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली तर तेही आम्हाला कळलं पाहिजे असं तिचं मत आहे. बंड्या उठतसुद्धा नाही. मात्र चेंडू दिवाणाखाली गेला की तासभर तिथे पंज्यांनी फरशी खणत बसतो. हाका मारा, रागवा, ढिम्म! आत्या विचारते, "अरे, हा बहिरा आहे का?" बहिरा कसला, स्वयंपाकघरात डब्याचं झाकण उघडलं की बरोबर ऐकू येतं.

हा फरक कुठून आला म्हणून वाचायला बसलो, तर दोघांची वाट जर्मनीकडेच गेली.

डॅशहुंड म्हणजे जर्मनमध्ये बॅजरचा कुत्रा. बॅजर हा बिळात राहणारा, दणकट जबड्याचा आणि खणायच्या पंज्यांचा प्राणी. जर्मन शिकाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या आखूड पायांचे, लांब अंगाचे कुत्रे निवडले ते त्याच्या बिळात शिरता यावं म्हणून. आता कल्पना करा : जमिनीखाली काळोख, समोर चिडलेला बॅजर, आणि मालक वर उन्हात. हुकूम देणार कोण? पुढे जायचं की थांबायचं, हे कुत्र्यानेच ठरवायचं. त्याचं भुंकणंही एवढ्या लहान जिवाला न शोभणारं भारदस्त, कारण ते जमिनीवरून ऐकू आलं की शिकारी तिथे खणायचे. म्हणजे आम्ही ज्याला हट्टीपणा म्हणतो ती त्याच्या वाडवडिलांच्या नोकरीची अट होती.

स्पिट्झची नोकरी नेमकी उलटी. शेतावरचं खळं, अंगण, सामानाची गाडी सांभाळायची आणि परका दिसला की बोंब ठोकायची. सशामागे रानात पळणारा राखण्या काय कामाचा? म्हणून शिकारीची ओढ कमी आणि मालकाच्या आसपास घुटमळायची सवय जास्त, अशी कुत्री ठेवली गेली. चिमीचं दार हे खळंच आहे. फक्त चोरांऐवजी कुरिअरवाले येतात.

ही दोन टोकं एका छताखाली आणणारे आम्ही पहिले नव्हे. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीकडे डॅशहुंड होते आणि पॉमेरेनियनही. १८८८ साली ती फ्लॉरेन्सला गेली असताना मार्को नावाचा छोटा पॉमेरेनियन तिला मिळाला आणि तिथून लहान पॉमची हौस वाढली. त्याआधीचे पॉम चांगले थोराड असत. गेन्सबरोचं 'द मॉर्निंग वॉक' हे १७८५ चं चित्र पाहा, त्यातला पांढरा कुत्रा मांडीवर मावणारा नाही. गंमत म्हणजे जर्मनीतली डॅशहुंडची संस्था, डॉइचर टेकेलक्लब, तीही १८८८ चीच. जानेवारी १९०१ मध्ये राणी ऑस्बोर्न हाउसमध्ये अखेरच्या घटका मोजत होती, तेव्हा तिच्या पलंगावर तुरी नावाचा पॉम होता असं सांगतात.

डॅशहुंडच्या नशिबी मात्र महायुद्ध आलं. १९१४ नंतर इंग्लंड-अमेरिकेत तो जर्मनीचं प्रतीक ठरला. व्यंगचित्रांतून त्याची टर उडवली गेली आणि अमेरिकेत त्याला 'बॅजर डॉग' म्हणायला लागले. कुत्र्याला कसलं आलंय राष्ट्र! पुढे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये वाल्डी हा रंगीत पट्ट्यांचा डॅशहुंड पहिलं अधिकृत शुभचिन्ह झाला. मॅरेथॉनचा मार्गसुद्धा त्याच्या आकाराचा आखला होता.

हे सगळं मजेत वाचत होतो, पण मूळ कारण वेगळं होतं. गेल्या पावसाळ्यात बंड्याचे मागचे पाय अचानक लटपटायला लागले. पाठीच्या मणक्यातली गादी सरकली होती. डॉक्टर म्हणाले, या जातीत हे नेहमीचंच. २००९ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की अशा जातींचे आखूड पाय एफजीएफ४ या जनुकाच्या एका जादा प्रतीमुळे होतात. २०१७ मध्ये त्याच जनुकाची आणखी एक जादा प्रत सापडली, तिचा संबंध थेट मणक्यातल्या गाद्या लवकर कडक होऊन सरकण्याशी. डॅशहुंडमध्ये या दोन्ही सापडतात. कुठल्या तरी जंगलातल्या बॅजरसाठी माणसाने ही ठेवण निवडली, आणि ज्याने आयुष्यात बॅजर पाहिला नाही तो बंड्या ते दुखणं इथे भोगतो आहे. मला याचा राग येतो, खरंच. सोफ्याला आता लाकडी फळीचा उतार केलाय. जिने पूर्ण बंद.

पण सगळाच हिशोब जातीवर टाकायचा नाही हेही वाचलं. २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात १८ हजारांहून जास्त कुत्र्यांची माहिती मालकांकडून घेतली होती. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यातला सुमारे ९ टक्केच फरक जातीवरून सांगता आला. हे मला पटतं. कारण बॅजरशी भिडणाऱ्यांचा हा वंशज फुलबाजीला घाबरून कपाटामागे दडतो. आणि शिकारीची ओढ नसलेली चिमी पालीमागे भिंतीवर चढायला बघते.

आणखी एक. जिने बंद झाल्यापासून बंड्या पहिल्या पायरीशी येऊन उभा राहतो, आणि चिमी आमच्याकडे तोंड करून भुंकते. त्याला उचलला की गप्प. हे तिला कुणी शिकवलं नाही.

गुरुवारी बंड्याला परत दाखवायला न्यायचं आहे. चिमीला घरीच ठेवावं लागेल. शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवलंय.