क्युटेनियस लार्व्हा मायग्रन्स

क्युटेनियस लार्व्हा मायग्रन्स हा प्राण्यांच्या अंकुशकृमींच्या अळ्या माणसाच्या त्वचेत शिरल्याने होणारा रोग आहे. उष्ण प्रदेशांतील समुद्रकिनाऱ्यांवरून परतणाऱ्या प्रवाशांमध्ये तो वारंवार आढळतो. लक्षणे अनेकदा घरी परतल्यावर दिसतात. त्यामुळे निदानात प्रवासाची माहिती निर्णायक ठरते.

कारण व प्रसार

अँकायलोस्टोमा ब्राझिलिएन्स व अँकायलोस्टोमा कॅनिनम हे कृमी कुत्र्या-मांजरांच्या आतड्यात राहतात. त्यांची अंडी विष्ठेवाटे वाळूत पडतात व उबदार, दमट, सावलीच्या जागी त्यांतून अळ्या बाहेर येतात. रायगड जिल्ह्यातील मुरुडसारख्या कोकणातील किनाऱ्यांचे हवामान त्यांच्या वाढीस अनुकूल असते. भरतीच्या रेषेपलीकडील वाळूत अनवाणी चालणाऱ्या किंवा उघड्या अंगाने बसणाऱ्या व्यक्तीच्या त्वचेत अळ्या शिरतात. माणूस त्यांचा नैसर्गिक पोशिंदा नसल्याने त्या सहसा बाह्यत्वचेतच भटकतात व काही आठवडे ते महिन्यांत मरतात. हा रोग एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही.

लक्षणे

पाऊल, मांडी किंवा नितंबावर तीव्र खाज सुटते व नागमोडी, उंचावलेली लालसर रेषा उमटते. ती दररोज काही मिलिमीटर ते एक-दोन सेंटिमीटर पुढे सरकते. खाजवल्याने जखम होऊन जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो.

निदान

निदान प्रामुख्याने रेषेचे स्वरूप व प्रवासाची माहिती यांवरून होते. अळी रेषेच्या टोकापेक्षा पुढे असल्याने त्वचेचा तुकडा काढून तपासणे सहसा उपयोगी पडत नाही. गजकर्ण, खरूज व जेलीफिशच्या दंशाशी गल्लत होऊ शकते. स्ट्राँगिलॉइड्स कृमीमुळे उमटणारी रेषा मात्र तासाला अनेक सेंटिमीटर सरकते. 

उपचार

आयव्हरमेक्टिन (दर किलो वजनास २०० मायक्रोग्रॅम, एक मात्रा) किंवा अल्बेंडाझोल (प्रौढांस दररोज ४०० मिलिग्रॅम, ३ ते ७ दिवस) वैद्यकीय सल्ल्याने देतात. गर्भवती स्त्रिया व १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांबाबत विशेष दक्षता घ्यावी लागते. गजकर्ण समजून लावलेल्या मलमाने अळी मरत नाही. त्यात स्टेरॉइड असल्यास खाज तात्पुरती कमी होऊन निदान लांबू शकते. त्वचा गोठवून अळी मारण्याची पद्धत आता टाळली जाते.

प्रतिबंध

किनाऱ्यावर पादत्राणे वापरणे, वाळूवर थेट न झोपणे, पाळीव प्राण्यांना नियमित जंतनाशक देणे व त्यांची विष्ठा उचलणे हे मुख्य उपाय आहेत.