तळटीप : टर्बो आणि कॉम्प्रेशन रेशो

'रेशो उतरवून टर्बो' : साध्या इंजिनाला टर्बो बसवला की सिलिंडरात आधीच दाबलेली हवा शिरते आणि पिस्टन तिला आणखी दाबतो. रेशो मुळातच चढा असेल तर ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. इंजिन ठोके देतं, वेळीच आवरलं नाही तर पिस्टनही निकामी होतो. १९६२ च्या टर्बो कॉर्वेअरसाठी शेवरोलेने म्हणूनच रेशो ८ वर ठेवला. ओल्ड्समोबाइलने मात्र जेटफायरमध्ये तो १०.२५ च राखला आणि ठोके रोखायला पाणी व मिथेनॉलचं मिश्रण सोडलं. तांत्रिकदृष्ट्या हे ठीकच. पण त्याची टाकी गिऱ्हाईक आठवणीने भरत राहील, ही अपेक्षा भाबडी. टाकी रिकामी, की बूस्ट बंद. पुढे कंपनीनेच कित्येक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बोरेटर बसवून दिले.