करंज्यांचा कंदील

दिवाळी तोंडावर आली की आमची आई गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची, त्यात चिमूटभर मोरचूद टाकायची. मग घोटीव कागदाचे सारखे तुकडे, त्यांच्या करंज्या, आणि करंजीला करंजी चिकटवत गोल कंदील. एक करंजी मोठी झाली तरी कंदील वाकडा. आई चौथीपर्यंत शिकलेली. तिला भूमिती येते असं कुणी कधी म्हटलं नाही. मी मात्र शाळेत भूमितीतच गटांगळी खाल्ली.

घडी घालणं हे बायकापोरांचं काम समजलं जातं. त्याचा अभ्यास केला तो मद्रासच्या टी. सुंदरराव यांनी. जर्मनीत फ्रोबेलनं १८४० साली किंडरगार्टन हे नाव दिलं. त्या पद्धतीत मुलांना द्यायच्या साहित्यात दोनशे रंगीत चौकोनी कागदांचा एक संच होता. तो बघून सुंदररावांना सुचलं आणि १८९३ साली त्यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं पुस्तक काढलं. जर्मनीतल्या फेलिक्स क्लाइन या मोठ्या गणितज्ञानं त्याचा उल्लेख केला, आणि १९०१ साली ते अमेरिकेत शिकागोला छापलं गेलं. मूळ पोरांचा खेळच की!

सुंदररावांचा कागद एकटा होता. आपल्या करंज्यांसारखे पुष्कळ तुकडे जोडायची रीत जपानमध्ये वाढली. तिथल्या मित्सुनोबु सोनोबे यांच्या नावाची एक घडी आहे. तिला दोन टोकं आणि दोन खिसे. एकीचं टोक दुसरीच्या खिशात खोचायचं, खळ लागतच नाही. सहा घड्यांचा ठोकळा होतो, बारांची चांदणी, तिसांचा काटेरी गोळा. तीसच का? गोळ्याला वीस सुळके. प्रत्येक सुळक्याला तीन घड्या लागतात, म्हणजे साठ. पण प्रत्येक घडी दोन सुळक्यांत वाटलेली असते, म्हणून तीस. टोमोको फुसे या बाईंनी अशा घड्यांवर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली. त्या लहानपणी दवाखान्यात पडून असताना कागद दुमडायला शिकल्या होत्या.

आमच्या गटानं असे गोळे करून कोल्हापुरात एका दुकानात नेले. दुकानदार म्हणाला, "ताई, कागदाचेच तर पैसे." आमच्यातल्या काकूंनी एक गोळा सुटा केला, तीस घड्या त्याच्यापुढं ठेवल्या, म्हणाल्या, "जोडा बघू." तिसऱ्या घडीलाच तो अडकला. भाव त्यानंतर ठरला. फार नाही, पण कागदापेक्षा बरा.

करायचं असेल तर आधी सहा घड्यांचा ठोकळा करा. वहीचं पानसुद्धा चालतं, फक्त चौकोन चोख कापा. आणि शेवटची घडी खोचताना सगळं निसटतं, तेव्हा शेजारणीला धरायला बसवा.