पळीभर तेल, पाच सुपाऱ्या आणि एक कवडी

सरका, सरका बाजूला! नाहीतर घाण्याच्या बैलाची शेपटी तोंडावर बसलीच म्हणून समजा. ऊन डोक्यावर आलंय, फुफाट्यात पाय पोळतायत, घाणा सारखा कुरकुरतोय आणि ताज्या तिळाच्या तेलाचा वास असा सुटलाय की जेवून निघाला असलात तरी पुन्हा भूक लागावी. तुम्ही पाटणला आहात. चाळीसगावजवळचं, डोंगराच्या कुशीतलं पाटण. साल मात्र १२०७ च्या जरा पुढचं. भजी शोधू नका. मिरचीला इकडे यायला अजून तीनेकशे वर्षं आहेत.

तो बघा, एक पोरगा हातात पळी घेऊन घाण्यापाशी उभा आहे. मुंडलेलं डोकं घामानं चमकतंय. तेली पळी भरतो, पण काठाच्या जरा खाली थांबतो. पोरगा हलत नाही. तेली सुस्कारा सोडून आणखी चार थेंब टाकतो. दर घाण्यामागे पळीभर तेल मठाला, हा इथला नियम. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्याही मठालाच. बाजारात जे मापायचं, ते मठाच्या मापानं मापायचं आणि मापाईचा अर्धा वाटा मठाचा. हे सगळं दगडावर कोरून ठेवलंय, तेही मराठीत. (तो दगड पुढे एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाडांनी जगापुढे आणला.)

मठ कसला म्हणाल, तर गणित-ज्योतिषाचा. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला काढलेला. वाघावर बसून आले ते चांगदेव निराळे. हे सिंघणराजाचे ज्योतिषी. दिव्यातलं तेल आणि तोंडातली सुपारी पुरवून गणित जगवणारं गाव मला तरी फार आवडतं. देणगीच्या पावतीपेक्षा यात जीव आहे.

चला, पोराच्या मागून आत चला. वाकून, डोकं आपटेल. आत दगडी गारवा आहे, पण गलका बाजारापेक्षा कमी नाही. ‘लीलावती’चे श्लोक एका दमात, चढ्या आवाजात म्हटले जातायत. कागद नाही, पुस्तक उघडलेलं नाही. प्रत्येकापुढे लाकडी पाटी आणि तिच्यावर बारीक धूळ. बोटानं आकडे काढायचे, तळव्यानं पुसायचे. बसा तुम्हीही मांडी घालून. श्वास जपून सोडा. शिंकलात तर शेजाऱ्याचं उत्तर उडून जाईल.

आज कंजुषाचं कोडं आहे. याचकानं हात पसरला. समोरच्यानं दिलं किती? एका द्रम्माच्या अर्ध्याच्या दोनतृतीयांशाच्या तीनचतुर्थांशाच्या एकपंचमांशाच्या सोळाव्या हिश्शाचा चौथा भाग! पोरं हसू दाबतायत. शेजारचा भराभर अपूर्णांक मांडतो. वर अंश, खाली छेद, मधे रेघ नाही. दोन दोनाला खातो, तीन तीनाला खातो, बोट सरासर फिरतं, धूळ त्याच्या नाकावरही चढलीय. शेवटी उरतं वर एक, खाली १२८०.

आता बाजारातलं कोष्टक हवं. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिण्यांचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. तुम्ही बोटं मोडत बसलात तोवर दारातून आवाज येतो, “एक कवडी! दुसरं काय देणार तो?” राहिलेली पळी पोचवायला तेली स्वतःच आलाय. त्यानं ना श्लोक ऐकलाय, ना धुळीला हात लावलाय. असली गिऱ्हाइकं त्यानं आयुष्यभर पाहिलीत. मठ खदखदून हसतो. आचार्यही हसतात, पण रीत मांडल्याशिवाय तेल्याचं उत्तर धरत नाहीत. बरोबरच आहे.

मग पोरं सुटतातच. शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधं अदलून-बदलून दिली तर मूर्ती किती प्रकारच्या होतील? एक चिमुरडा ३६,२८,८०० हा आकडा जीभ न अडखळता म्हणून दाखवतो. मुलांना मोठ्या आकड्यांचं हे वेड तेव्हाही होतं तर! दुसरा बत्तीस हातांचा बांबू वाऱ्यानं मोडून त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर टेकवतो आणि तो मोडला कुठे ते विचारतो. बारा हातांवर, असं तुमच्या कानात कुणीतरी कुजबुजतं. शिकवणाऱ्यापेक्षा कोडी घालणाऱ्यालाच इथे जास्त मजा येते, हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलं असेल.

आणि आता सगळे तुमच्याकडे वळतात. पाहुण्याला सोडतात होय! तो पळीवाला पोरगा तेलकट बोटानं तुमच्या पाटीवर उभी रेघ मारतो. हा नऊ हातांचा खांब. टोकावर पाळलेला मोर, बुडाशी सापाचं बीळ. साप सत्तावीस हातांवरून बिळाकडे सरपटत निघालाय. मोरानं तो पाहिला आणि तिरकी सरळ झेप घेतली. दोघंही सारखंच अंतर गेले आणि गाठ पडली. सांगा, बिळापासून किती हातांवर?

नऊचा वर्ग एक्याऐंशी, त्याला सत्तावीसनं भागा, असं कुणीतरी तुमची कीव येऊन सुचवतं. आले तीन, ते सत्तावीसातून वजा करा, उरलेल्याचं अर्ध... तुम्ही घाईत “पंधरा!” म्हणालात, तर पुन्हा हशा पिकेल. पंधरा हात तर साप सरपटला, पाहुणे. बीळ किती लांब राहिलं, ते विचारलंय.