उडत्या कीटकांचे छायाचित्रण : प्रस्तावना

लालबागच्या चाळीत गॅलरीतल्या तुळशीला मंजिऱ्या आल्या की फुलोरी माश्या, म्हणजे छोट्या मधमाश्या, हजर होतात. या विषयाची सुरुवात करायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. भायखळ्याची राणीबाग जवळच आहे, तिथे पुढे जायचेच आहे. पण आधी या तुळशीपाशी बसावे, असा माझा आग्रह आहे.

मॅक्रो लेन्स हाती येण्याआधी कीटकाची सवय कळायला हवी. फुलोरी माशी मंजिरीवरून उठते ती लगेच निघून जात नाही. क्षणभर हवेतच तरंगते, अंगाला चिकटलेला पराग पायांनी ओढून घेते आणि मागच्या पायांवर थापते. चार-दोन दिवस नुसते पाहिले तरी ही तरंगण्याची जागा ओळखू येते. फोकस तिथे आधीच हाताने लावून थांबायचे. माशीचा पाठलाग करू नये.

पुढचा प्रश्न वेळेचा. मधमाशीचे पंख सेकंदाला २०० हून अधिक वेळा हलतात. शटर १/१००० सेकंदावर ठेवले तरी तेवढ्यात पंखाचा जवळजवळ पाव फेरा होतो आणि चित्रात नुसता धूर दिसतो. पंख थोपवतो तो फ्लॅश. त्याची ताकद कमी केली की उजेडही कमी काळ टिकतो. साध्या फ्लॅशनेही १/२०,००० सेकंदाच्या आसपास जाता येते. मात्र बाकीचा उजेड मंद हवा, नाहीतर पंखांची दुसरी पुसट प्रतिमा उमटते. चाळीच्या गॅलरीतली सावली इथे उपयोगी पडते. छायाचित्रकार स्टीफन डाल्टन यांनी १९७५ च्या ‘बॉर्न ऑन द विंड’ या पुस्तकात याच तत्त्वावर, १/२५,००० सेकंदाच्या फ्लॅशने, उडते कीटक टिपले. त्याही आधी, १९०४ साली, पॅरिसमध्ये ल्युसियाँ बुल यांनी विजेच्या ठिणग्यांच्या उजेडात कीटकांचे उड्डाण चित्रित केले होते.

नवशिक्यांचा हट्ट असतो तो कीटक चौकटभर दिसण्याचा. कीटकाच्या प्रत्यक्ष आकाराएवढ्या प्रतिमेत, एफ/११ वर, फुलफ्रेम कॅमेऱ्यात जेमतेम सव्वा मिलिमीटर खोली स्पष्ट येते. आकार निम्मा केला की चार मिलिमीटर मिळते. फुलोरी माशी सेंटीमीटरभरही नसते. डोळा, पंख आणि परागाचे पाय एकत्र हवे असतील तर थोडे मागे सरकावे.

पावसाळा सरता सरता गच्चीवर पिवळसर चतुरांचे थवे येतात. पायांची ओंजळ करून ते उडता उडताच भक्ष्य पकडतात. हे चित्र अवघड आहे. ते दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

माशी फ्रीजमध्ये गारठवून किंवा दोऱ्याने बांधून काढलेले चित्र वर्तनाचा पुरावा ठरत नाही, कितीही सुबक असले तरी. ते काढू नका. काढाल त्या प्रत्येक चित्राबरोबर तारीख, वेळ, जागा, झाडाचे नाव आणि कीटक त्या क्षणी काय करत होता, एवढे वहीत त्याच दिवशी लिहून ठेवा.