प्रीबायोटिक म्हणजे काय? पावडरचा डबा घेण्याआधी हे वाचा

महाड/पोलादपूर : ‘गट हेल्थ’, ‘प्रीबायोटिक फायबर’, ‘शास्त्रज्ञांनी मान्य केलेले’ अशा शब्दांच्या जाहिराती आता गावागावांतल्या मोबाईलवर दिसतात. गॅस, बद्धकोष्ठता, शुगर, वजन, सगळ्यावर एकच पावडर. डब्याची किंमत मात्र अनेकदा घरच्या आठवड्याच्या किराण्याएवढी असते. प्रीबायोटिक ही गोष्ट खरी आहे की नुसती जाहिरात? त्यामागे कोणती संघटना आहे? आणि आपल्या घरातच त्यातलं काय मिळतं? याची ही माहिती.

प्रीबायोटिक आणि प्रोबायोटिक, फरक काय?

नावं सारखी असल्याने गोंधळ होतो. प्रोबायोटिक म्हणजे पोटाला उपयोगी पडणारे जिवंत जिवाणू. प्रीबायोटिक म्हणजे त्या जिवाणूंचं खाणं. शेतीच्या भाषेत सांगायचं तर प्रोबायोटिक हे बियाणं आणि प्रीबायोटिक हे खत.

आपण खाल्लेल्या अन्नातला काही चोथा लहान आतड्यात पचत नाही. तो तसाच मोठ्या आतड्यात जातो. तिथे कोट्यवधी जिवाणू असतात. ते हा चोथा आंबवतात आणि त्यातून काही आम्लं तयार होतात. त्यातलं ब्युटिरेट हे आम्ल मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींना ऊर्जा देतं. याच आंबण्यातून वायूही तयार होतो. वाल, पावटा खाल्ल्यावर पोट फुगतं ते यामुळेच.

मात्र प्रत्येक चोथा प्रीबायोटिक नसतो. जिवाणूंनी तो वापरला पाहिजे आणि त्यातून शरीराला फायदा होतो हे माणसांवरच्या अभ्यासात दिसलं पाहिजे.

हा शब्द आला कुठून?

ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रॉबरफ्रॉइड या दोन शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये ही कल्पना मांडली. पुढे प्रोबायोटिक आणि प्रीबायोटिकवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या ‘आयसॅप’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये व्याख्या सुधारून प्रसिद्ध केली. शरीरातले जिवाणू जो पदार्थ निवडून वापरतात आणि ज्यातून आरोग्याला लाभ होतो, तो प्रीबायोटिक, असा तिचा अर्थ.

‘ग्लोबल प्रीबायोटिक असोसिएशन’ ही दुसरी संघटना. ती व्यापारी संघटना आहे. प्रीबायोटिक घटक बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्या तिच्या सभासद आहेत. प्रीबायोटिकबद्दल विश्वासार्ह विज्ञान आणि शिक्षण पोहोचवणं हे आपलं काम असल्याचं ती सांगते. या संघटनेने २०२४ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात स्वतःची व्याख्या मांडली. तिच्यात ‘निवडून वापरतात’ ही अट नाही. नेमके कोणते जिवाणू काय खातात हे ठरवणं अवघड असतं, हा मुद्दा शास्त्रातही चर्चेत आहे. पण अट सैल झाली की जास्त पदार्थांना ‘प्रीबायोटिक’ म्हणता येतं, हेही तितकंच खरं. त्यामुळे एकाच शब्दाच्या दोन व्याख्या चालू आहेत, हे ग्राहकाने ध्यानात ठेवावं.

व्यापारी संघटना सांगते ते खोटं असतं का?

तसं नाही. महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. ‘नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी’ म्हणजे एनईसीसी ही कुक्कुटपालकांची संघटना १९८२ मध्ये उभी राहिली. पुण्याचे उद्योजक डॉ. बी. व्ही. राव यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. अंडं रोज खा, त्यात चांगली प्रथिनं असतात, हे तिने टीव्हीवरून घराघरात पोहोचवलं. माहिती बरोबर होती आणि अंड्यांचा खपही वाढला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या.

अशी संघटना बहुतेक वेळा खोटं सांगत नाही. पण काय आधी सांगायचं आणि काय मागे ठेवायचं, हे ती ठरवते. पावडर खाल्ल्याने फायदा होतो हे ती सांगेल. तोच फायदा घरच्या उसळीतून मिळू शकतो, हे सांगण्यासाठी तिच्याकडे कोणी पैसे भरत नाही. शिवाय संघटनेचा शिक्का म्हणजे सरकारी परवाना नव्हे.

किती घेतलं तर उपयोग?

खरी मेख इथे आहे. चिकोरीच्या मुळापासून मिळणारं ‘इन्युलिन’ हे सगळ्यात जास्त अभ्यासलेलं प्रीबायोटिक. युरोपीय संघाने २०१५ मध्ये त्याबद्दल एक दावा मान्य केला : चिकोरी इन्युलिनमुळे शौचाला नियमित होण्यास मदत होते. पण अट अशी की रोज १२ ग्रॅम पोटात गेलं पाहिजे.

आता हिशेब करा. एखाद्या गोळीत अर्धा ग्रॅम इन्युलिन असेल तर १२ ग्रॅमसाठी दिवसाला २४ गोळ्या लागतील. म्हणून डब्यावर नुसतं नाव असून भागत नाही, किती ग्रॅम आहे ते पाहावं लागतं. आणि मान्य झालेला हा दावा शौचापुरता आहे. शुगर किंवा वजनाबद्दल तो काही सांगत नाही.

आपल्या घरात काय आहे?

महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी पिढ्यान्‌पिढ्या पिकते आहे. पोटातल्या जिवाणूंना उपयोगी पडणारं बरंच काही इथल्या जेवणातच असतं.

• कांदा, लसूण : यात इन्युलिनच्याच कुळातले घटक असतात.
• वाल, चवळी, कुळीथ, पावटा : यातल्या काही साखरा माणसाला पचत नाहीत, त्या जिवाणू आंबवतात. भिजवून मोड आणले की या साखरा कमी होतात आणि वायूचा त्रासही कमी होतो.
• कच्ची केळी : यात न पचणारा स्टार्च असतो. केळं पिकलं की त्याची साखर होते.
• गार झालेला भात : शिजवून गार केलेल्या भातातही असा स्टार्च थोडा वाढतो. पण उन्हाळ्यात भात रात्रभर उघड्यावर ठेवू नये, त्यात विषबाधा करणारे जिवाणू वाढू शकतात.
• नाचणी : राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ११ ग्रॅम चोथा आणि ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पॉलिश केलेल्या तेवढ्याच तांदळात चोथा ३ ग्रॅमपेक्षा कमी असतो.

नाचणीनेही रक्तातली साखर वाढते. मधुमेह असलेल्यांनी ‘नाचणी आहे म्हणून कितीही’ असं करू नये आणि चालू गोळ्या बंद करू नयेत.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत

काही दूध पावडरींवरही ‘प्रीबायोटिक’ लिहिलेलं असतं. आईच्या दुधात बाळाच्या आतड्यातल्या जिवाणूंना पोसणाऱ्या खास साखरा निसर्गतःच असतात. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हाच सल्ला आहे. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीच्या दूध पावडरींची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने आणि त्यातल्या २००३ च्या दुरुस्तीने बंदी आहे. आईला दूध कमी येतं असं वाटलं तर आधी आशाताई किंवा आरोग्य केंद्रात विचारावं.

डबा घ्यायचाच असेल तर काय पाहावं?

१. एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आहे का?
२. प्रीबायोटिक घटकाचं नाव आणि त्याचे ग्रॅम लिहिले आहेत का? केंद्राच्या २०१६ च्या नियमांत अशा घटकांची स्वतंत्र यादी आहे.
३. पूरक आहार असेल तर ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना इंग्रजीत छापलेली असते. ती आहे का?
४. मधुमेह बरा करण्याचा दावा आहे का? १९५४ च्या औषधे व जादूई उपचार कायद्यानुसार अशी जाहिरात करता येत नाही.
५. साखर किती घातली आहे?

सुरुवात थोड्या प्रमाणात करावी, एकदम जास्त घेतल्यास पोट फुगतं, जुलाब होतात. आतड्याचा जुना आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. शौचातून रक्त जाणं, वजन घटणं, पोट सतत दुखणं अशी लक्षणं असतील तर पावडर नको, तपासणी हवी.

बचत गटांनी हे लक्षात ठेवावं

नाचणीचं पीठ, पापड, आंबील मिक्स विकणाऱ्या गटांनी पाकिटावर ‘शुगर बरी होते’ किंवा आधार नसताना ‘प्रीबायोटिक’ असं लिहू नये. नियम मोठ्या कंपनीला आणि छोट्या गटाला दोघांनाही लागू आहेत. ‘नाचणी, १०० टक्के’ आणि दळल्याची तारीख हे खरं असेल तर तेवढं पुरेसं आहे.

तक्रार कुठे करायची?

खोट्या दाव्याबद्दल एफएसएसएआय : १८००-११२-१००. राज्याचं अन्न व औषध प्रशासन : १८००-२२२-३६५. पैशाची फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन : १९१५. तक्रारीसाठी डब्याचा फोटो, बिल आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा.