खर्जाचा साचा : सिंथ बेसच्या 'प्रीसेट'चा इतिहास

१/
कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी ओळखले जाते. पैंजण, जोडवी, वाळे यांच्या घडणीत साच्याला मोठे स्थान आहे. साचा एकदा कोरला की त्यातून एकाच नक्षीचे हजारो तुकडे निघतात. पुढे डाग देणे, घुंगरू बसवणे, झळाळी आणणे ही कामे वेगवेगळ्या हातांनी होतात. साचा सर्वांचा सारखाच असतो. तयार पैंजण मात्र सारखे नसते.

२/
आजच्या हिप-हॉप आणि इलेक्ट्रॉनिक संगीतात छातीत घुमणारा जो खर्ज ऐकू येतो, तोही असाच साच्यातून निघतो. त्या साच्याला 'प्रीसेट' म्हणतात : सिंथेसायझरमध्ये आधीच जुळवून, नाव देऊन साठवलेला आवाज. संगणकावर गाणे रचणाऱ्या तरुणापुढे असे शेकडो प्रीसेट उघडतात. त्यांतला एक निवडणे ही तांत्रिक बाब वाटते. प्रत्यक्षात तो कोणीतरी, कुठेतरी, कशासाठी तरी घेतलेल्या जुन्या निर्णयाचा स्वीकार असतो. या धाग्यात त्या निर्णयांचा मागोवा आहे.

३/
आरंभ हुपरीच्या शेजारूनच करता येतो. मिरज हे तंबोऱ्यांचे गाव. तंबोऱ्याला साधारणतः चार तारा असतात : पहिली बहुधा पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या आणि शेवटची, जाड, खर्जाची. गायकाचा सा 'काळी एक' असेल, तर जोडाची तार सुमारे १३९ हर्ट्झवर आणि खर्जाची त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते. मैफलीचा सारा डोलारा या तारेवर उभा असतो.

४/
इतका खालचा स्वर कानाला सहज सापडत नाही. म्हणून मिरजेचे कारागीर घोडीचा पृष्ठभाग अत्यंत बारकाईने घासतात आणि वादक तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवतो. त्यातून जवारी उघडते : मूळ स्वरावर वरच्या स्वरांशांची झालर चढते आणि खर्ज स्पष्ट होतो. धागा केसभर हलला तरी आवाजाचा रंग बदलतो. सिंथेसायझरवरील फिल्टरची खुंटी फिरवणारा माणूस याच जातीचे काम करत असतो.

५/
मात्र जवारी साठवून ठेवता येत नाही. ती दर बैठकीला नव्याने लावावी लागते. आरंभीच्या सिंथेसायझरचीही हीच अडचण होती. १९७० मध्ये आलेल्या अमेरिकन 'मिनीमूग'चा बेस आजही आदर्श मानला जातो, पण त्या यंत्राला स्मरणशक्ती नव्हती. सापडलेला आवाज हरवू नये म्हणून वादक खुंट्यांच्या जागा कागदावर नोंदवून ठेवत.

६/
१९७८ मध्ये 'प्रॉफेट-५' आला आणि परिस्थिती पालटली. त्यातील मायक्रोप्रोसेसरमुळे ४० आवाज साठवता येऊ लागले. एक कळ दाबताच सर्व खुंट्या जणू मनाने जागेवर जात. प्रीसेट ही कल्पना इथे व्यवहारात रुजली. त्याबरोबर एक नवी भूमिका जन्मली : आवाज घडवणारा एक आणि तो निवडणारा दुसरा. साचा कोरणारा आणि पैंजण घडवणारा यांच्यासारखी ही फारकत होती.

७/
याच काळात जपानच्या रोलँड कंपनीने दोन यंत्रे बाजारात आणली. १९८० मधील 'टीआर-८०८' हे ढोलवादकाची जागा घेणारे, आणि त्यामागोमाग आलेले 'टीबी-३०३' हे बेस गिटारवादकाची जागा घेणारे. एकट्याने सराव करणाऱ्यांना साथ मिळावी, हा उद्देश. ही नक्कल फसली. ८०८ चा ढोल खऱ्या ढोलासारखा वाटेना, ३०३ चा बेस खऱ्या गिटारसारखा वाटेना. १९८३ आणि १९८४ मध्ये अनुक्रमे दोन्हींचे उत्पादन थांबले.

८/
पण अपयशी नक्कल कधी कधी नवी जात निर्माण करते. ८०८ च्या ढोलात कातडे नव्हतेच. सुमारे ५० हर्ट्झवर कंप पावून हळूहळू विरणारे विजेचे एक मंडल होते. ते विरण्याचा काळ वाढवला, की ठोका संपून स्वर सुरू होई. ३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती आणि फिल्टर उघडझाप करताच आवाज चिरकत असे. या दोषांकडे गुण म्हणून प्रथम पाहणाऱ्यांपैकी एक जण मुंबईत होता.

९/
चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातील अनुभवी वादक. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदांत त्यांनी काम केले होते. गिटार, ट्रान्सिकॉर्ड, सिंथेसायझर अशी नवी वाद्ये हाताळण्यात त्यांचा हातखंडा. १९८२ मध्ये त्यांच्याकडे रोलँडची तीन यंत्रे होती : 'ज्युपिटर-८', 'टीआर-८०८' आणि 'टीबी-३०३'. चित्रपटांत डिस्कोची लाट होती. डिस्कोचा ठेका ठेवावा, तबला बाजूला सारावा आणि वर शुद्ध राग वाजवावेत, अशी कल्पना त्यांना सुचली.

१०/
एचएमव्हीने काढलेल्या त्या तबकडीचे नाव होते 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग. ८०८ चा न थांबणारा ठेका, ३०३ ची सतत फिरणारी खर्जाची ओळ आणि त्यावर ज्युपिटरची सुरावट. तंबोऱ्याने जे अचल ठेवले होते, ते येथे धावू लागले. पण सा सुटला नाही.

११/
हा आवाज इतका नैसर्गिक का वाटतो? ३०३ चे घसरणे हिंदुस्थानी कानाला परके नव्हते. ते मींडेच्या जवळचे होते. पाश्चात्त्य वादकाला बेस गिटारची वाईट नक्कल ऐकू येत असे, तिथे राग जाणणाऱ्याला दोन स्वरांमधली वाट ऐकू येणे शक्य होते. अर्थात मर्यादाही होत्या. यंत्राला बाराच ठरावीक स्वर ठाऊक. भैरवातील आंदोलित कोमल रिषभ त्यातून हुबेहूब निघणे अशक्य. साचा जितके देतो तितकेच देतो.

१२/
तबकडी विकली गेली नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, अमेरिकेतील शिकागो येथे 'फ्यूचर' नावाच्या तरुणांच्या गटाने जुन्या बाजारातील स्वस्त ३०३ च्या खुंट्या वाजवता वाजवता फिरवल्या आणि 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी काढली. त्यातून 'ॲसिड हाउस' हा प्रकार उभा राहिला आणि युरोपभर पसरला. ज्या यंत्राला कोणी विचारत नव्हते, त्याच्या किमती वाढत गेल्या.

१३/
२०१० मध्ये 'बॉम्बे कनेक्शन' या डच संस्थेने सिंग यांची तबकडी पुन्हा प्रकाशित केली, तेव्हा जग चकित झाले. 'ॲसिड हाउसचा जन्म मुंबईत झाला' असे मथळे रंगले. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबावे. शिकागोच्या तरुणांनी ही तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही. साम्य म्हणजे प्रभाव नव्हे. एकच साचा दोन शहरांत, दोन वेगळ्या कानांच्या हाती पडला, इतकेच म्हणता येते. आणि ते काही कमी नाही. चरणजित सिंग यांचे २०१५ मध्ये निधन झाले. अखेरच्या काही वर्षांत परदेशी तरुण श्रोत्यांनी त्यांना ऐकले.

१४/
प्रीसेटचा बाजार मात्र १९८३ नंतर फोफावला. यामाहाच्या 'डीएक्स-७' मध्ये आवाज घडवण्याची पद्धत इतकी अवघड होती, की असंख्य वादकांनी त्यातील तयार ३२ आवाजांवरच काम भागवले. १९८७ च्या 'टीएक्स-८१झेड' मधील 'लेटली बेस' हा एकच प्रीसेट पुढे नृत्यसंगीतात वारंवार ऐकू येऊ लागला. गाणी शेकडो, साचा एक.

१५/
१९८८ मध्ये डेट्रॉइटच्या केव्हिन सॉन्डरसन यांनी कॅसिओच्या सिंथेसायझरवर दोन किंचित बेसूर स्वर एकत्र वाजवले. त्यांच्या कंपसंख्येत एका हर्ट्झचा फरक असेल, तर सेकंदाला एक हेलकावा येतो. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा जुळत नसल्या की हेच हेलकावे ऐकू येतात आणि ते जाईपर्यंत वादक खुंटी पिळतो. मिरजेत जो दोष, तो डेट्रॉइटमध्ये गुण ठरला. 'रीस बेस' म्हणून तो ड्रम अँड बेस संगीताचा कणा झाला.

१६/
८०८ चा प्रवास आणखी लांबचा. मायामी, मेम्फिस, अटलांटा येथील हिप-हॉप निर्मात्यांनी त्याचा लांबवलेला ठोका ध्वनिमुद्रित करून निरनिराळ्या स्वरांवर वाजवला. ढोल आणि बेस यांतील भेद मिटला. ट्रॅप संगीतात 'एट-ओ-एट' म्हणजे ढोल नव्हे, तर खर्जाची सुरावटच. यंत्राच्या सुमारे १२,००० प्रतीच निघाल्या. त्याची सावली मात्र आज प्रत्येक निर्मात्याच्या संगणकात आहे.

१७/
या इतिहासातून निवडीचे काही नियम आपोआप निघतात. पहिला, सा. तबला गायकाच्या सुरात मिळवतात, तसा ८०८ ही गाण्याच्या सुरात मिळवावा लागतो. 'पांढरी चार' हा सा धरला तर सर्वांत खालचा उपयोगी षड्ज सुमारे ४४ हर्ट्झवर येतो; तो मोठ्या स्पीकरला पेलतो. 'काळी एक' धरली तर तो ३५ हर्ट्झच्या आसपास जातो आणि अनेक स्पीकरांत नुसती धडधड उरते. मग एक सप्तक वर यावे, म्हणजे तंबोऱ्याच्याच ६९ हर्ट्झवर.

१८/
दुसरा, काळ. मिनिटाला १४० ठोक्यांच्या लयीत एक मात्रा सुमारे ०.४३ सेकंदांची. दर मात्रेला येणारा खर्ज त्याहून अधिक काळ रेंगाळला, तर पुढच्या स्वरावर चढतो आणि चिखल होतो. तिसरा, जवारी. मोबाइलच्या लहान स्पीकरमधून ५० हर्ट्झचा स्वर जवळपास ऐकू येत नाही. पण त्याचे वरचे स्वरांश असतील तर मेंदू मूळ स्वर स्वतः भरून घेतो. म्हणून बेसला थोडे 'डिस्टॉर्शन' देतात. मिरजेचा सुताचा धागा हेच करत आला आहे.

१९/
चौथा नियम संगीताबाहेरचा आहे. कोल्हापूर भागातील मिरवणुकांत हलगी, घुमकं आणि कैताळ यांचा नाद परंपरेने घुमतो. त्याशेजारी आता स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात, ज्यांना लोक सरसकट 'डॉल्बी' म्हणतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हे मोजमाप ज्या 'ए' मापाने होते, ते कानाच्या संवेदनशीलतेशी जुळवलेले असल्याने ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा धरते. त्यामुळे खोल खर्ज भिंती हलवत असतानाही आकड्यात पूर्ण उतरत नाही.

२०/
५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ ७ मीटर असते. घराची बंद खिडकी तिला फारशी अडवत नाही. आजारी माणसाच्या, तान्ह्या मुलाच्या खोलीपर्यंत ती पोहोचते. घुमकं वाजवणाऱ्याचा हात दमतो, म्हणून त्याच्या नादाला माणसाची मर्यादा असते. प्रीसेट दमत नाही. ती मर्यादा निवडणाऱ्यालाच घालून घ्यावी लागते.

२१/
१९८२ मध्ये मुंबईत जे घडले, त्याचे मोल 'आपण पहिले' या दाव्यात नाही. बाजाराने टाकून दिलेल्या साच्यात एका वादकाने आपला सा शोधला, यात ते आहे. 'टीबी-३०३' ची हुबेहूब नक्कल करणारी सॉफ्टवेअर आज सहज मिळतात. त्यांतून कोणता राग, कोणता ठेका, किती खोल खर्ज, हे कोणताही प्रीसेट सांगत नाही. हुपरीतही साच्यातून निघालेला चांदीचा तुकडा लगेच पायात घालत नाहीत. त्याला अजून घुंगरू लागायचे असतात.

(समाप्त)